आधी टाके, मग कात्री: साड्यांच्या गोधडी-बॅगेची चेन आणि खिसे

एका ताईंनी विचारलंय: "आईच्या दोन जुन्या सुती साड्यांच्या घड्या रचून, वर गोधडीसारखे टाके घालून खांद्याची बॅग शिवली. घरातलं साधं पायमशीन आहे. मोजून कापलं होतं, तरी पुढची आणि मागची बाजू लहान-मोठी झाली. चेन लाटांसारखी वळली. कोपऱ्यात दोन सुया मोडल्या. आतला खिसा तळाशी जाऊन चुरगळतो, मोबाईल निघत नाही. मशीन बदलू का? की अशी बॅग घरी होतच नाही?"

ताई, मशीन बदलू नका. गेली बावीस वर्षं मी साताऱ्यात बॅगा शिवते आणि शिकवते. त्यातली पहिली बारा वर्षं काळ्या पायमशीनवरच गेली. ते जुनं लोखंडी मशीन जाड कापडावर हल्लीच्या हलक्या प्लॅस्टिकच्या मशीनपेक्षा भक्कम चालतं. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. चेन आणि खिशाचं कारण पुढे सांगते, पण लहान-मोठ्या बाजू आणि मोडलेल्या सुया यांच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. एक, कामाचा क्रम उलटा झाला: तुम्ही आधी मापानं कापलं आणि नंतर टाके घातले. दुसरी, जी जाडी बॅगेच्या अंगात हवी ती शिवणीतही राहिली. हे सगळं सुधारलं की हीच बॅग याच मशीनवर नीट होईल.

थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. साडी किती विरलेली आहे, तुम्ही किती थर घेतले, बॅगेत डबा न्यायचा की फक्त पाकीट आणि ओढणी, यावर काही मापं बदलतील. मी इथे रोजच्या वापराची बॅग धरते: तळ 13 बाय 4 इंच, उंची 12 इंच. तुमची वेगळी असेल तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

साडीपासून सुरुवात करू. आईची साडी म्हटल्यावर कात्री लावताना हात अडखळतो, आणि अडखळावाच. कापण्याआधी साडी खिडकीसमोर धरून उजेडात बघा. सुती साडी सगळीकडे सारखी विरत नाही. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी जातो. पदराजवळचा आणि आत खोचलेला भाग बहुधा चांगला असतो. जिथे उजेड जाळीसारखा आरपार दिसतो ते कापड आतल्या थरांत घाला, घट्ट विणीचं वर घ्या. जुन्या साडीचा एक मोठा फायदा म्हणजे ती आटायची तेवढी आटून झालेली असते. अस्तराचं नवं सुती कापड आणि मांजरपाट मात्र धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच वापरा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि साडी तशीच राहते. मग बॅग आतून ओढल्यासारखी दिसते.

थर किती घ्यायचे? गोधडीत आपल्याकडे जुन्या साड्या आणि धोतरांच्या घड्याच भरणीचं काम करतात, वेगळं काही भरत नाहीत. बॅगेलाही तसं चालतं. वरची साडी, आत साडीचे दोन-तीन थर आणि सगळ्यांत खाली मांजरपाट. हे हाताला मऊ लागतं आणि धुता येतं, पण बॅग आपल्या पायावर उभी राहत नाही, खाली ठेवली की बसते. उभी राहायला हवी असेल तर आतले थर काढून 150 ते 200 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पॉलिस्टर वॅडिंग, म्हणजे कापसासारखी तयार भरण, घाला. तीन-चार मिलिमीटरच्या फोम शीटनं बॅग आणखी ताठ होते, पण मला साडीबरोबर फोम आवडत नाही. साडी मऊ पडते, फोम हटून उभा राहतो, आणि घडीच्या जागी साडीला चुण्या येतात. आईच्या साडीच्या बॅगेला मी थर किंवा वॅडिंग यांतलंच एक निवडेन. दोन्ही एकत्र घालू नका. तुमच्या सुया मोडल्या त्यात याचाही वाटा असावा.

खालचं मांजरपाट मात्र सोडू नका. ते अस्तराआड जातं, दिसत नाही, म्हणून पुष्कळ जणी वाचवतात. पण विरलेल्या साडीला वजन पेलवत नाही. टाके घातल्यावर साडीचा भार मांजरपाटावर जातो, म्हणजे बॅग खरी मांजरपाटाची होते आणि साडी तिच्यावर सांभाळली जाते. शिवाय वॅडिंग थेट मशीनच्या दात्यांवर (खालून कापड पुढे सरकवणाऱ्या) आलं तर त्यात अडकतं.

आता क्रमाबद्दल. टाके घातले की कापड आकसतं. प्रत्येक टाका थरांना खाली दाबतो, आणि ती खोली कापडाच्या लांबी-रुंदीतूनच येते. टाके दाट असले तर आकसणं जास्त, भरण जाड असलं तर आणखी जास्त. हाताच्या धावदोऱ्यात दोरा जरा ओढून घेतला तर त्याहून जास्त. माझ्या वहीत दीड इंचाच्या मशीनच्या रेघांना अठरा इंचात अर्धा ते पाऊण इंच आणि दाट हातटाक्यांना एक इंचाच्या पुढे अशी नोंद आहे. दोन तुकड्यांवर दोन वेगळ्या दिवशी टाके घातले तर हात सारखा पडत नाही आणि तुकडे सारखे आकसत नाहीत. म्हणून तुम्ही काटेकोर मोजून कापलेल्या बाजू टाक्यांनंतर वेगळ्या झाल्या.

म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगळी घेऊच नका. वरची साडी, भरण आणि मांजरपाट यांचा 42 बाय 18 इंचांचा एकच लांब पट्टा रचा. 44 इंची पन्ह्याचं अर्धा मीटर मांजरपाट त्याला पुरतं. सगळ्या पट्ट्यावर टाके घाला आणि मगच त्यातून 18 बाय 15 इंचांची दोन पॅनेलं कापा. दोन्ही एकाच कापडातून निघाली की त्यांचं आकसणंही एकसारखं असतं.

टाक्यांची पद्धत अशी. थर सपाट जमिनीवर पसरा, मधून बाहेर हात फिरवून हवा काढा आणि चार बोटांच्या अंतरावर लांब कच्चे टाके घाला. टाचण्या लावूनही होतं, पण पट्टा मशीनखाली फिरताना त्या टोचतात आणि जाड थरांत वाकतात. मग खडूनं रेघा मारा, दीड इंचाच्या अंतरानं, साडीच्या उभ्या धाग्याला धरून. तिरक्या चौकड्या छान दिसतात हे खरं. पण तिरक्या रेघेवर कापड उरेब ओढलं जातं आणि पट्टा वाकडा होतो. पहिल्या बॅगेला सरळ रेघाच ठेवा.

पहिली रेघ मधली शिवा, मग तिच्या एका बाजूच्या सगळ्या, मग दुसऱ्या बाजूच्या. प्रत्येक रेघ एकाच टोकाकडून सुरू करा. एक खालून वर आणि दुसरी वरून खाली शिवली तर वरचा थर दोन दिशांना ओढला जातो, आणि रेघांमध्ये तिरप्या सुरकुत्या पडतात. मी पूर्वी वेळ वाचवायला नागमोडी शिवत जायची. एका लग्नाच्या ऑर्डरमधल्या चौदा बॅगांचे टाके त्यामुळे उसवावे लागले, आणि दोन रात्री त्यात गेल्या. तेव्हापासून दोरा प्रत्येक रेघेला तोडते.

सुई 16 नंबरची, थर फार जाड झाले तर 18. दोरा पॉलिस्टरचा घ्या, कारण साधा सुती दोरा बॅगेच्या घासण्याला टिकत नाही. टाका तीन मिलिमीटरच्या वर ठेवा, बारीक टाक्यांनी जुनी साडी भोकाभोकानं फाटते. फुटाचा, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब वरच्या स्क्रूनं थोडा कमी करा. दाब जास्त असला की फूट वरची साडी पुढे ढकलतो, खालचं मांजरपाट दाते ओढून नेतात आणि रेघेच्या शेवटी साडी उरते. त्याच थरांचा वीतभर तुकडा करून त्यावर आधी शिवून बघा. खालून दोरा सरळ ताणलेल्या तारेसारखा दिसला तर वरचा ताण वाढवा. वरून तसा दिसला तर कमी करा.

टाके झाले, पॅनेलं गुण्यात (काटकोनात) कापून झाली की लगेच चारी बाजूंनी एक बांधशिलाई घ्या, नाहीतर कापलेल्या कडेला गोधडीचे टाके सुटत जातात. बाजूंना आणि तळाला माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, अर्धा इंच धरलीय, तेव्हा बांधशिलाई तीन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वरच्या, चेनच्या कडेला माया तीनच सूत, तिथे बांधशिलाई दोन सुतांवर. मग या शिलाईच्या बाहेरचे गोधडीचे टाके सोडवा, साडी आणि मांजरपाट बोटांनी वेगळे करा आणि मधलं वॅडिंग किंवा साडीचे आतले थर छोट्या कात्रीनं शिलाईजवळून कापून टाका. वेळखाऊ काम आहे, दोन पॅनेलांना मला अर्धा तास लागतो. पण तुमच्या कोपऱ्यात सुई का मोडली ते हिशोबानं बघा. तिथे दोन पॅनेलं, त्यांच्या उलटलेल्या माया, प्रत्येकात चार-पाच थर, म्हणजे वीस थरांच्या आसपास कापड एका जागी येतं. मायेतली भरण काढली की तिथे साडी आणि मांजरपाटच उरतं. घरचं मशीन ते सहज ओढतं.

तळाच्या 4 इंच रुंदीसाठी पॅनेलाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून चौकोनी खाच कापतो. कच्च्या कडेपासून मोजून 2 बाय 2 इंचांची खाच, सगळीकडे माया सारखी असेल तर तळ बरोबर 4 इंच येतो. तळाला शिलाई नसून एकच कापड घडी घालून वापरलं असेल तर खाच 2 इंच रुंद पण दीड इंचच उंच हवी, कारण तिथे तळाच्या शिवणीची माया जात नाही. नाहीतर कोपरा शिवताना एक कड दुसरीपेक्षा लांब भरते आणि आपण ती ओढून बसवतो. कोपरे मुरडलेले दिसतात ते बहुधा यामुळेच.

खाच कापण्याआधीच पॅनेलावर खडूनं दोन प्रकारच्या रेघा मारा. खालून अडीच इंचांवर एक आडवी: तिच्या खालचं सगळं तळात जाणार. दोन्ही बाजूंनी अडीच इंचांवर उभ्या: त्यांच्या बाहेरचं कुशीत वळणार. मधे उरतो तो 13 इंच रुंद चौकोन, आणि बॅगेचा दर्शनी भाग एवढाच. अस्तरावरही हेच. तुमचा खिसा चुरगळतो कारण तो कापडाच्या मध्यावर बसवला, बॅगेच्या मध्यावर नाही. खालचे अडीच इंच तळात गेले आणि खिशाचा बूड तळाच्या वळणावर आला. खिशाची खालची कड आडव्या रेघेच्या निदान अर्धा इंच वर ठेवा.

मोबाईलच्या खिशाचं मापही बघून घ्या. मोबाईल साधारण 3 इंच रुंद असतो, म्हणून आपण साडेतीन इंचाचा कप्पा शिवतो आणि तो अडकतो. मोबाईलची जाडी आणि हाताची बोटं, दोन्हींना जागा लागते. मी चार ते सव्वाचार इंच ठेवते. खिशाच्या तोंडाला दुहेरी घडी घालून आत फ्युजिंगची (इस्त्रीनं चिकटणाऱ्या कडक कापडाची) पट्टी चिकटवा आणि दोन्ही वरच्या टोकांना छोटा त्रिकोण शिवून पक्कं करा. खिसा फाटायला लागतो तो या टोकांपासून. पेनाला सव्वा इंचाचा कप्पा शेजारी काढा. रुंद खिसा मधे न शिवता सोडला की तोंडाशी लोंबतो, म्हणून दर चार-पाच इंचांवर एक उभी शिलाई हवीच.

आत चेनचा खिसा हवा असेल तर तो दुसऱ्या अस्तरावर, वरच्या कडेपासून निदान 3 इंच खाली. त्याहून वर घेतला तर बॅगेची मोठी चेन आणि ही चेन एकमेकींना लागतात. अस्तराच्या उलट बाजूला फ्युजिंग चिकटवा, खिशाचं कापड सुलट बाजूला ठेवा आणि 7 इंच लांब, अर्धा इंच उंच आयत शिवा. मधून चीर द्या. टोकांना अर्धा इंच आधी थांबून चारी कोपऱ्यांकडे तिरप्या चिरा द्या, माशाच्या शेपटीसारख्या. चीर कोपऱ्याच्या टाक्याला जवळजवळ टेकली पाहिजे. लांब राहिली तर कोपऱ्यात सुरकुती पडते, टाका कापला तर भोक पडतं. हे आधी एका चिंधीवर करून बघा. मग कापड त्या फटीतून उलट बाजूला ओढून इस्त्री करा, मागून चेन ठेवा आणि कडेनं शिवा. यासाठी 3 नंबरची बारीक चेन पुरते.

बाहेरचा खिसा, खांद्याच्या पट्ट्यांची टोकं, एखादा साडीच्या काठाचा तुकडा, हे सगळं आत्ताच, पॅनेलं सपाट असतानाच लावून घ्या. बॅग एकदा गोल झाली की आत मशीनचं तोंड जात नाही. पट्ट्याला दीड इंच रुंद सुती निवार घेते, एकेक 28 इंचांची. त्यातला निम्मा जीव ती कुठे शिवली यावर असतो. पट्टा वरच्या शिवणीत नुसता अडकवू नका. डब्याचं वजन पडलं की तिथलीच साडी आधी फाटते. टोक आत दुमडून पॅनेलावर साडेतीन इंच खाली आणा, चौकोन शिवा, त्यात फुली शिवा. सुई मांजरपाटापर्यंत गेली पाहिजे. वरून दीड इंच पट्टा मोकळा सोडा, म्हणजे पुढे चेनजवळची वरची शिलाई त्याखालून जाते.

आता चेन. बॅगेच्या तोंडाला 5 नंबरची नायलॉनची रोल चेन घ्या. नंबर म्हणजे बंद चेनच्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. धातूची चेन दिसायला छान, पण ती हवी तिथे सहज कापता येत नाही, आणि सुई दात्यावर पडली तर मोडते. नायलॉनच्या चेनवरून चाक हातानं फिरवून शिवताही येतं. मी हे सामान पुण्याला रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मीटरवर आणते, रनर (चेन उघड-बंद करणारा सरकता भाग) वेगळे मिळतात. तुमच्या गावात टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळेल.

पॅनेल 18 इंच आहे म्हणून चेनही 18 इंच कापली, तर तिचे दाते बाजूच्या शिवणीत जातात. तिथे गाठ येते, सुई अडते आणि तोंडाचे दोन्ही कोपरे आत खेचल्यासारखे दिसतात. म्हणून चेनच्या दात्यांची लांबी साडेपंधरा इंच ठेवा आणि दोन्ही टोकांना अस्तराच्या कापडाची सव्वा इंच दिसणारी टोपी लावा. मिळून 18 भरतात. त्यातला अर्धा-अर्धा इंच बाजूच्या मायेत गेला की दाते शिवणीपासून पाऊण इंच आत थांबतात, आणि मायेत नुसतं कापड येतं. टोपी लावण्याआधी रनर चढवायला विसरू नका.

चेन लाटेसारखी का वळते? चेनची पट्टी ताणत नाही, आणि गोधडीची कड ताणते. शिवताना आपण कळत-नकळत पुढून ओढतो, तेव्हा कापड लांबतं, चेन तेवढीच राहते. शिवून सोडलं की कापड परत आखडतं आणि चेनला वळवतं. दुसरं कारण म्हणजे चेनची एक बाजू एका ताणात आणि दुसरी वेगळ्या ताणात शिवली जाते. यावर माझा उपाय खुणांचा आहे. चेन बंद करून मध्य आणि दोन्ही पाव भाग, अशा तीन खुणा दोन्ही पट्ट्यांवर पेन्सिलीनं करा. पॅनेलांच्या आणि अस्तरांच्या वरच्या कडेला त्याच तीन खुणा करा. खुणेला खूण जुळवून केसांच्या टिकटॉक पिना लावा. या पिना टाचणीसारख्या कापड उचलत नाहीत, जाड थर सपाट धरतात. दोन खुणांमध्ये कापड थोडं जास्त वाटलं तर ते खालच्या बाजूला, मशीनच्या दात्यांकडे ठेवून शिवा. ते दाते जास्तीचं कापड आपोआप खाऊन घेतात.

रचना अशी: पॅनेल सुलट वर, त्यावर चेन पालथी, कडेला कड, त्यावर अस्तर पालथं. चेनचा एकबाजूचा फूट लावून तीन सुतांवर शिवा. अर्धा इंच घेतला तर शिलाई दात्यांना चिकटते आणि रनर कापड खातो. रनरजवळ आलात की सुई कापडात रुतवा, फूट उचला, रनर मागे सरकवा, फूट टाका आणि पुढे चला. त्या जागी वळसा घालून शिवलं की तिथली शिलाई कायम बाहेर फुगलेली दिसते. मग दोन्ही कापडं चेनपासून दूर उलटवा, कोमट इस्त्रीनं दाबा आणि घडीपासून सूतभर अंतरावर वरून शिलाई घाला. पॉलिस्टर वॅडिंगवर गरम इस्त्री कधीच नको, ते आतल्या आत वितळून पत्र्यासारखं होतं. दुसरी बाजू अशीच.

दुसरी बाजू शिवली की चेन बंद करून टेबलावर ठेवा आणि दोन्ही पॅनेलांच्या गोधडीच्या रेघा समोरासमोर येतात का बघा. पाव इंचानं सरकल्या असतील तर आत्ताच उसवा. बॅग पूर्ण झाल्यावर तो पाव इंच तोंडाला पीळ देतो, आणि मग उसवायची तर अख्खी बॅग.

यानंतरचं काम पटपट होतं. चेन निम्मी उघडा, नाहीतर बॅग उलटायला वाटच राहत नाही. पॅनेलावर पॅनेल, अस्तरावर अस्तर ठेवा, चेनचे दाते अस्तराच्या बाजूला दाबा. बाजू आणि तळ शिवा, अस्तराच्या तळात 6 इंचांची फट सोडा. बाहेरचं अर्धा इंच मायेनं, अस्तर पाच सूत मायेनं. अस्तर सूतभर लहान झालं की आत झोळ पडत नाही. मग खाचांचे कोपरे. बाजूची आणि तळाची शिवण समोरासमोर आणा, एकीची माया डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे वळवा, म्हणजे चार थर एकावर एक येत नाहीत. तिथली जाडी जाड फडक्यात धरून हातोडीनं दोन-तीनदा ठोका, जीन्सची कड दुमडताना टेलर ठोकतात तशी. फूट उंचवट्यावर चढताना मागून तिरका होतो आणि टाका जागीच अडकतो, म्हणून त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा. चाक हातानं फिरवा. सुई 18 ची. फटीतून बॅग उलटा, फट हातशिलाईनं बंद करा.

आता तुमच्या हातातल्या बॅगेचं. ती टाकू नका आणि दुसरी साडीही लगेच कापू नका. अस्तराचा तळ उसवून बॅग उलटी करा आणि चेन दोन्ही बाजूंनी सोडवा. पॅनेलं वेगळी झाली की एकावर एक ठेवून लहान पॅनेलाच्या मापानं मोठं कापा. बॅग इंचभर लहान होईल, पण सरळ होईल. तळाच्या खाचा नव्या मापानं परत कापा, कडेला बांधशिलाई घ्या, मायेतली भरण काढा. खिसा उसवून वर घ्या. जुन्या टाक्यांची भोकं दिसतील ती ओल्या फडक्यानं पुसून नखानं घासली तर सुती कापडात बरीचशी बुजतात. चेन मात्र नवी घ्या, एकदा लाटेत शिवलेली पट्टी पुन्हा सरळ बसत नाही. कापताना आईच्या साडीचा जो इंचभर तुकडा निघेल तो टाकू नका, जपून ठेवा.